वात, डिपर आणि एक स्वस्त डिमर

मराठीत प्रकाश कमी करत नाहीत, वात खाली करतात. दिवा विझतही नाही, तो मालवतो किंवा शांत होतो. कंदिलाच्या काळातला हा शब्दसंसार विजेच्या दिव्याबरोबर मागे पडला आणि त्या जागी हमरस्त्यावरच्या चालकांनी आपला एकच शब्द रुजवला : डिपर. ‘डिपर मारणे’ या क्रियापदात विनंती, सौजन्य आणि शिवी या तिन्ही अर्थच्छटा मावतात. आपल्या कोशकारांनी त्याची दखल कितपत घेतली आहे, हे पाहण्याजोगे आहे.

हे सारे सुचण्याचे कारण तीनशे रुपयांच्या आत मिळालेला एक बिनतारी डिमर. मोटरसायकलवरील जोड-दिवे किल्लीच्या जुडग्याएवढ्या रिमोटने मंद वा प्रखर करता येतील, असे त्याच्या खोक्यावर म्हटले होते. सातारा ते सांगली हा कराड, पेठ नाका, आष्टा असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता मला वारंवार, आणि बहुधा रात्री, करावा लागतो. गाळपाच्या हंगामात त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. पुष्कळांना मागे दिवा सोडाच, परावर्तकाची पट्टीही नसते. म्हणून मी वीस वॉटचे दोन एलईडी दिवे बसवले होते. बारा व्होल्टला चाळीस वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअरहून थोडे अधिक. एवढा भार त्या पेटीला सहज पेलावा.

तिचे तंत्र मोठे गमतीचे आहे. ती दिव्याचा दाब कमी करीत नाही. सेकंदाला काही शे वेळा त्याला पेटवते आणि विझवते. पेटलेला काळ कमी, विझलेला अधिक, की डोळ्याला उजेड मंद भासतो. (छंदातल्या यतीशी याचे काही नाते आहे का, हा विचार मोहक आहे, तूर्त आवरतो.) प्रथम मी तिला जुना हॅलोजन दिवा जोडला. तार तापण्यास आणि निवण्यास वेळ घेते, त्यामुळे तो वाती खाली केल्यासारखा संथपणे मंदावला. एलईडीचे मात्र निराळे. त्या दिव्यांच्या पोटात विद्युतप्रवाह स्थिर राखणारे स्वतंत्र मंडल असते. डिमर प्रवाह तोडतो, मंडल तो भरून काढू पाहते. परिणामी बराच काळ काहीच बदल नाही, आणि मग एकाएकी फडफड. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर पडद्यावर काळे पट्टे सरकत होते.

दुसरी बाब अधिक गद्य. बंद असतानाही ती पेटी रिमोटची हाक ऐकत जागीच असते. मोजले तर दहा मिलिअँपिअर. दिवसाला पाव अँपिअर-तासाच्या आसपास. पाच अँपिअर-तासांची बॅटरी, गाडी उभी राहिल्यास, तीन आठवड्यांत रिकामी. यावर उपाय आहे : जोडणी थेट बॅटरीवरून न घेता किल्लीच्या तारेवरून घ्यावी.

उपाय नाही तो हाताचा. समोरून वाहन आले की उजेड क्षणात उतरायला हवा. रिमोटवर बटण सात-आठदा दाबावे लागते, हातमोजा घालून तर ते सापडतही नाही, आणि तेवढ्यात समोरचा आंधळा झालेला असतो. समोरचा म्हणजे कोण? पुष्कळदा बीडकडून आलेले ऊसतोड जोडपे, मोळ्यांच्या वर निजलेले मूल, आणि आपल्या झोतात थबकलेले बैल. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर पेटलेलाच राहतो; म्हणजे त्यांच्या वाट्याला दिवे आधीच वाढले आहेत. त्यात माझे दोन.

याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या नांगराच्या कारखान्यातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्याचेच पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. यंत्र आणि अक्षर यांत आपण मानतो तेवढे अंतर तिथे नव्हते. म्हणून या सदरात डिमरची चर्चा केल्याबद्दल मी क्षमा मागत नाही.

ती पेटी आता अभ्यासिकेतल्या पुस्तकांच्या फळीखाली, एका साध्या एलईडी पट्टीला जोडलेली आहे. तिथे ती उत्तम चालते. गाडीवरच्या जोड-दिव्यांना डाव्या अंगठ्याखाली साधे बटण बसवले आहे. सांगलीच्या वाहनतारतंत्र्याने त्याचे दीडशे रुपये घेतले आणि दिव्यांची तोंडेही दोन बोटे खाली वळवून दिली.