मुरूम

अंबाजोगाईजवळ आमचे थोडे माळरान आहे आणि त्यात आजोबांनी खोदलेली विहीर. उन्हाळ्यात ती आटली की तिच्या भिंतीवर वर हातभर काळी माती, खाली तांबूस मुरूम, त्यात अडकलेले गोल धोंडे आणि तळाशी अभंग काळा पाषाण दिसतो. ते धोंडे कुणी पुरले असावेत, असे लहानपणी वाटे. प्रत्यक्षात ते जागीच घडले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना तडकला, भेगांतून पाणी मुरले. कोपऱ्यांना ते तीन बाजूंनी भिडते, म्हणून आधी कोपरे गेले. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटले. खनिजांची चिकणमाती झाली, लोह गंजून मुरमाला तांबूस रंग आला. ऊन आणि मुळे भेगा रुंदावतात. पण दगडाची माती करते ते पाणीच. (आणि तेच आमच्याकडे नसते!)

गेल्या वर्षी धाकट्या भावाने माळाचा मुरूम रस्त्याच्या कामाला विकला. मी अडवले नाही. कर्ज त्याच्या नावावर आहे, माझ्या नव्हे. यंत्राने चार दिवसांत पाषाण उघडा केला. पावसाळ्यात गेलो, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी साचले होते.