आंबटपणाचं माप

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा म्हणतात. मी पीएच मीटर घेतला. 1934 साली कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांनी असं यंत्र बनवलं ते लिंबाच्या रसासाठी, असं वाचलं होतं. तेव्हा मीही श्रीगणेशा लिंबानंच केला. आकडा 2.3! उत्साहाच्या भरात तीच कांडी आमटीत बुचकळली, मग थेट दह्याच्या भांड्यात. आणि हिला निकाल सांगितला, "तुझं दही भलतंच आंबट!"

ही काही बोलली नाही. पण तीन दिवस घरात विरजण लागलं नाही.

चौथ्या दिवशी मी माहितीपत्रक उघडलं. आधी 7 आणि 4 च्या बफर द्रावणांत यंत्र जुळवावं. नमुना वेगळ्या वाटीत घ्यावा, नंतर फेकावा. प्रत्येक द्रवानंतर कांडी धुवावी. काच घासू नये, नुसती टिपावी. तेलाचा, दुधाचा थर बसला की आकडा फसवतो. आणि कांडी कोरडी ठेवू नये, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवावी.

मुकाट्यानं हिला सगळं वाचून दाखवलं.

"म्हणजे," विरजणाची वाटी पुढ्यात ओढत ही म्हणाली, "दुसऱ्याचा आंबटपणा मोजण्याआधी आपलं तोंड धुवावं, एवढंच ना? अहो, त्याला यंत्र कशाला हवं होतं?"