बारा व्होल्टांचा भरंवसा

मनुष्याचा घात पुष्कळदां अशा वस्तूकडून होतो कीं, जिचें भय त्यास वाटेनासें झालेलें असतें. विहिरीच्या कांठीं नवखा जपून पाऊल टाकतो. रोज पाणी भरणारा मात्र शेवाळावरून घसरतो. विजेच्या बाबतींत हीच गोष्ट आम्हीं एका साध्या घरगुती कामांत पाहिली. शाळेंत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आमच्या बालमित्रांना व त्यांच्या आईबापांना ती उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें सांगत आहों. तें काम म्हणजे मोटारसायकलची बॅटरी घरीं चार्ज करणें.

पनवेल तालुक्यांतील नेरे हें गांव गाढी नदीच्या खोऱ्यांत, माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेलें आहे. पाऊस येथें मनमुराद पडतो. पावसाळ्यांत मोटारसायकल कित्येक दिवस ओसरीवर उभी राहते व बॅटरी उतरते. बाजार, दवाखाना, आगगाडी हें सर्व पनवेलला. तेव्हां गाडी सुरू न होणें म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडणें होय.

आमच्या शेजारचा एक तरुण पहांटे पनवेलला दूध घालण्यास जातो. एका पावसाळ्यांत त्याच्या घरीं बसलों असतां, मागील पडवींत एक मांडणी आमच्या दृष्टीस पडली. भिंतींतील प्लगापासून निघालेली वायर 100 वॅटच्या दिव्यांतून व एका लहानशा डायोडमधून थेट बॅटरीस जोडलेली होती. डायोड प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतो, म्हणून बॅटरी भरत होती. दिवा मंद जळत होता व शेजारींच ओले कपडे वाळत होते. आम्हीं चिंता दर्शवितांच तो हंसून म्हणाला, "काका, बॅटरी बाराच व्होल्टची. बारा व्होल्टांचा कुठें शॉक लागतो? दोन वर्षं असंच करतोय. चार्जरला पैसे पडतात." त्याच्या म्हणण्यांतील निम्मा भाग खरा होता, आणि धोका होता तो त्या निम्म्या खरेपणामुळेंच.

योगायोगानें गांवांतील एक वायरमन तेथें आलेले होते. त्यांनीं कांहीं न बोलतां खिशांतील टेस्टर काढला व त्याचें टोंक बॅटरीच्या टर्मिनलास लावलें. टेस्टरमधील दिवा लागला. बारा व्होल्टांनीं तो लागत नसतो. तरुणाची आई दारांत उभी होती. "अरे, हिलाच हात लावून तूं रोज पहांटे बघतोस ना?" एवढेंच ती म्हणाली. तरुण निरुत्तर झाला. त्या दिवसापासून बॅटरी पनवेलच्या गॅरेजांत जाऊं लागली, आणि दिवाळीपूर्वीं घरांत चार्जर आला.

असें कां व्हावें? बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें बारा व्होल्ट होते हें खरें. परंतु तें टोंक व ओली जमीन यांमध्यें घरच्या विजेचा 230 व्होल्टांचा दाब उभा होता. मनुष्य बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें उभा नसतो. तो जमिनीवर उभा असतो. चांगल्या चार्जरांत ट्रान्सफॉर्मर असतो. मायकेल फॅरडे यानें 1831 सालीं शोधून काढलेल्या तत्त्वानुसार, एका वेटोळ्यांतील बदलता प्रवाह तारेची जोडणी नसतांही दुसऱ्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न करतो. दाब उतरविणें हें ट्रान्सफॉर्मरचें एक काम. घरची वीज व बॅटरी यांमध्यें भिंत उभी करणें हें दुसरें, आणि अधिक मोलाचें. दिव्याच्या मांडणींत ही भिंतच नसते.

दिवा प्रवाहास आवरतो ना, अशी शंका कोणी काढील. 100 वॅटचा दिवा सुमारें 0.43 अँपिअर प्रवाह घेतो. उलटपक्षीं, घरांत बसवितात तें आर.सी.सी.बी. नांवाचें संरक्षक साधन अवघा 0.03 अँपिअर प्रवाह जमिनींत गळूं लागला तरी वीज तोडतें. कारण त्याहून अधिक प्रवाह शरीरांतून गेल्यास प्राणावर बेतूं शकतें. तेव्हां तो दिवा बॅटरीस जपतो, माणसास नव्हे.

चार्जर असला तरी कांहीं नियम पाळावे लागतात. बॅटरी गाडींतून काढतांना प्रथम ऋण टोंक सोडवावें, मग धन. बसवितांना याच्या उलट. चार्जरचे चिमटे आधीं बॅटरीस लावावे व नंतर भिंतीवरील बटण दाबावें. काढतांना बटण आधीं बंद करावें. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवावा, म्हणजे 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीस अर्धा अँपिअर. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1859 सालीं बनविलेल्या बॅटरीप्रमाणें हींतही शिशाचे पत्रे व सौम्य गंधकाम्ल असतें. ती भरत आली म्हणजे पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन वायु सुटतो. हवेंत तो शेंकडा 4 इतका मिसळला तरी ठिणगीनें पेट घेतो. म्हणून बंद खोली, चूल, देवघरांतील समई, उदबत्ती यांपासून बॅटरी दूर, कोरड्या व मोकळ्या ओसरीवर ठेवावी. अम्ल डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावें व लागलीच डॉक्टरांकडे जावें.

आमच्या जिल्ह्याचा विजेशीं शेजार जुना आहे. 1915 सालीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत् केंद्र सुरू झालें व लोणावळ्याकडील तलावांच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. परंतु शेजार जुना झाला म्हणून ओळख झाली असें नव्हे. विजेचा दाब नेहमीं दोन ठिकाणांमधील असतो, हें वाक्य ज्या विद्यार्थ्यानें परीक्षेपुरतें पाठ केलें असेल, त्यानें घरीं असें कांहीं जोडलेलें दिसल्यास त्यास हात न लावतां, ते बारा व्होल्ट कोणत्या दोन ठिकाणांमधले, एवढा प्रश्न वडीलधाऱ्यांस नम्रपणें विचारावा.