सहाणेवरचा लेप

सांध्याला मार बसला की हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट तंतू, म्हणजे अस्थिबंध, ताणले जातात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि दुरुस्तीसाठी शरीर त्या जागी रक्त व पेशी धाडते. याच धावपळीला आयुर्वेद शोथ म्हणतो आणि घरातली माणसे सूज. नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीत, जेथे मालवाहतुकीची गोदामे आहेत आणि पोती वाहणाऱ्या हमालाचा घोटा केव्हाही मुरगळू शकतो, तेथील जुन्या घरांतही आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून, पळीत कोमट करून लावण्याची रीत परिचयाची आहे.

बालपणी हा लेप आजीच्या बोटांनी लागतो. तो वाळला की त्याला भेगा पडतात, कातडी ताणते, लव ओढली जाते आणि पोपडे अंथरुणावर सांडू नयेत म्हणून मूल पाय हलवत नाही. औषधाचा बराचसा गुण या निश्चलतेतच असावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मात्र लेप लवेच्या उलट दिशेने लावावा, वाळू देऊ नये आणि रात्री लावू नये असे सांगितले आहे, तर घरोघरी तो नेमका रात्रीच लावून झोपतात.

तरुणपणी ही निश्चलता परवडत नाही. रोजंदारी बुडू नये म्हणून हमाल त्याच संध्याकाळी विटेचा शेक घेतो, घोटा चोळून घेतो, आणि ताज्या दुखापतीत उष्णतेने व चोळण्याने रक्तस्राव वाढून सकाळी पाय चपलेत मावत नाही. पहिले दोन दिवस शेक टाळावा, एवढे एकच वाक्य गोदामागोदामांतून पोहोचले तरी पुष्कळ यातना वाचतील. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी वैद्य गेब मिर्किन यांनी 1978 मध्ये मांडली. बर्फाने दुरुस्ती लांबू शकते, हे पुढे त्यांनीच मान्य केले. म्हणून बर्फ कापडात गुंडाळून, वेदना शमण्यापुरता, 10 ते 20 मिनिटेच लावावा, आणि दुखणे सोसेल तसा सांधा लवकर हलवू लागावे. चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करावी.

उतारवयात तोच घोटा थंडीत ठणकतो, आणि तेव्हा कोमट लेप व शेक खरोखर सुख देतात. परंतु मार न लागता सांधा अचानक लाल, गरम झाला आणि सोबत ताप आला, तर आत पू झाल्याची शक्यता असते, आणि अशा वेळी सहाण न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.