मार्गशीर्षातील ओझर : विमानाच्या आवाजाखालचा पाट

महाराष्ट्रात प्रसिद्ध ओझरे दोन. एक जुन्नर तालुक्यातले, कुकडीकाठचे, विघ्नहर गणपतीचे. दुसरे नाशिकपासून वीसेक किलोमीटरवरचे, बाणगंगेकाठचे. हा धागा या दुसऱ्या ओझरचा. आणि ते समजून घ्यायचे तर थंडीच्या दिवसांत, पायीच फिरावे.

मुंबई-आग्रा महामार्ग मागे टाकून पहाटे शिवारात शिरणाऱ्याला आधी दिसतो तो धूर. निफाड तालुक्यात पारा पाच अंशांखाली उतरणे नवलाचे नाही. द्राक्षबागांच्या बांधांवर पेटलेल्या शेकोट्या माणसांसाठी नसतात. कडाक्याने मणी तडकू नयेत म्हणून बागेला ऊब देण्याची ती धडपड असते. वर्षभराचे कर्ज एका रात्रीवर टांगलेले असते.

गावाची जुनी ओळख मात्र द्राक्षांची नव्हे. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत हे गाव ‘ओझर तांबट’ म्हणून येते. तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांवरून पडलेले हे नाव.

याच दिवसांत चंपाषष्ठी येते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चालणारे खंडोबाचे नवरात्र षष्ठीला संपते, वांग्याचे भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य होतो आणि ओझरच्या यात्रेत बारा गाडे ओढले जातात. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर, उधळलेला भंडारा, आणि वरून एखादे लढाऊ विमान कानठळ्या बसवीत निघून जाते. गावकरी मान वर करीत नाहीत.

त्या विमानाची कथा १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सुरू होते. सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ भारतात बांधण्याचे ठरले. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला अशी विभागणी झाली. १९६४ मध्ये ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’चा हा कारखाना आकाराला येऊ लागला. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते ते नाशिकमधूनच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा योग नोंदवून ठेवावा. पुढे येथे मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही बांधली गेली. तांबटांचे ओझर ‘ओझर मिग’ झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले, तरी गावाच्या नावातला मिग अजून सेवेत आहे.

इतके बहुतेकांना ठाऊक असते. पायी फिरणाऱ्याने येथे थांबू नये. पाटाच्या कडेने आणखी पुढे जावे. ओझरचा खरा मोठा इतिहास तेथे आहे, आणि त्याचा आवाज होत नाही.

नदीवर बंधारा घालून पाटाने शेत भिजविण्याची रीत, म्हणजे पाटस्थळ, या जिल्ह्यात जुनी. नंतर दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण झाले, कालवा आला. पण ओझर पडले कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वरच्या गावांची तहान भागल्यावर उरेल ते पाणी, आणि उरत काही नसे. कागदावर शेत ओलिताखाली, प्रत्यक्षात कोरडे. भारतातील कोणत्याही कालव्याच्या शेपटाची ही कहाणी आहे. ओझरने तिचा शेवट बदलला.

समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणीवापर संस्थांनी कालव्याचा कारभार हाती घेतला. पाणी मोजून घ्यायचे, मोजल्याप्रमाणे पट्टी भरायची, वाटप आपसांत ठरवायचे. सरकारकडून केवळ हक्काचे पाणी मागणे सोपे असते; शेजाऱ्याला त्याच्या पाळीपेक्षा अधिक घेऊ न देणे फार अवघड, कारण त्याच्याच घरी उद्या लग्नाला जायचे असते. हे शेतकरी दोन्ही करून दाखवीत गेले. त्यांनी जुन्या बंधाऱ्यांतही पाणी अडवून विहिरी जिवंत केल्या. पुढे वाघाडवरील संस्थांची संख्या चोवीस झाली आणि संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन त्यांच्या संघाकडे आले. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला.

रब्बीचे आवर्तन सुटले की थंडीच्या रात्रीही कोणीतरी कानटोपी घालून, विजेरी घेऊन चारीवर उभा असतो. पाणी येते ते काळोखात, वाळलेली पाने पुढे ढकलीत, शेवटच्या शेतापर्यंत.