अवघडलेला हात

अण्णांच्या केसपेपरावर डॉक्टरांनी एकच इंग्रजी शब्द लिहिला होता : ‘पॅरॅलिसिस’. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शब्द दिसला की त्याची फोड करायची, ही जुनी खोड. दवाखान्याच्या बाकावर बसूनही ती सुटेना!

हा शब्द मूळचा ग्रीक. त्यात ‘सैल सुटणे’ आहे. दावे सुटलेल्या जनावरासारखे हातपाय धन्याचे ऐकेनासे होतात. आपल्या ‘पक्षाघाता’त एका बाजूवर घाव आहे, तर ‘अर्धांगवायू’त सारा दोष वायूचा. ‘लकवा’ आला अरबीतून. तिकडे तो तोंड वाकडे होण्यापुरताच होता. इकडे येऊन त्याने हातपाय पसरले. पुढे तो सरकारलाही झाला. 2013 साली आमच्या माढा मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार शरद पवार यांनी, फायलींवर सह्या होत नाहीत म्हणून, हाताच्या लकव्याचा टोमणा मारला होता. वर्तमानपत्रांनी तर ‘धोरणलकवा’ असा जोडशब्दच पाडला.

शेजारी आई कुणाला तरी सांगत होती, “ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं.” आमच्या करमाळ्याकडे असेच म्हणतात.

पण त्या दिवशी पहाटे आमच्या घरात यातला एकही शब्द उच्चारला गेला नव्हता. अण्णा म्हणाले होते, “डावा हात उचलत नाही रे.” आणि मी, एम. ए. झालेला माणूस, पांघरुणातूनच म्हणालो, “अवघडला असेल, अण्णा. रात्रभर अंगाखाली राहिला असेल.” किती मऊ शब्द! बसून बसून पाय अवघडतो, चार पावले टाकली की मोकळा होतो. आईने करडईचे तेल कोमट करून चोळले. दुपारी तोंड वाकडे झाले, तेव्हा गाडी काढली.

डॉक्टरांनी शांतपणे विचारले, “सुरुवात कधी झाली?” मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मी घड्याळाकडे पाहिले आणि पहाटेची वेळ सांगितली. ते काही बोलले नाहीत.

आता अण्णा काठी टेकत ओट्यापर्यंत येतात. कुणी चौकशी केली, की उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, “काही नाही, जरा अवघडलाय.”

मी वर्गात मुलांचे शब्द दुरुस्त करतो. तिथे मात्र गप्प बसतो.