जुन्या फाइलीवर नवं नाव

चि. भाचेबुवांस,

धारूरला झेरॉक्स-टायपिंगचं दुकान टाकतोयस, तर हाताखालच्या पोरांना आधी काय शिकवावं, असं विचारलंस. कट, कॉपी, पेस्ट त्यांना येतंच. माझं मत, पेस्टच्या आधी फाइंड शिकव. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात कट-पेस्टची आजची रीत बसवली, ती इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून. इंग्रजीत अर्जदाराचं नाव बदललं तरी ‘मी लिहून देतो’चं क्रियापद जागचं हलत नाही, मराठीत हलतं. पुरुषाच्या जुन्या प्रतिज्ञापत्रावर बाईचं नाव चढवलं की वर नाव बाईचं आणि खाली ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ तसंच. गावांची नावं आणखी छळतात. कंट्रोल-एच दाबून ‘पुणे’च्या जागी ‘धारूर’ घातलं तरी ‘पुण्यात’ उरतंच, कारण यंत्राला सामान्यरूप कळत नाही. एकाने ‘धारूर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘धारुर’, तर फाइंडच्या लेखी ती दोन गावं. अंबाजोगाई-आंबेजोगाईचं तर विचारूच नकोस. फाइल युनिकोडआधीच्या फॉन्टातली असेल, तर पडद्यावर दिसतो ‘ध’ आणि पोटात असते भलतीच खूण. युनिकोडात टाइप केलेला शब्द तिथे सापडत नाही आणि पोरगं चूक नाहीच समजून प्रिंट काढतं.

तू म्हणशील, दाखल्यांच्या गर्दीत प्रत्येक कागद नव्याने कोण टाइप करणार? तसं करूच नकोस. फक्त कुणाचा भरलेला कागद नमुना म्हणून वापरू नकोस. त्यात आधीच्या माणसाचा आधार क्रमांकही राहून जातो. बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा असे कोरे नमुने कर, नाव-गाव-वयाच्या प्रत्येक जागी ‘###’ टाक. ही खूण अर्जाच्या मजकुरात एरवी येत नाही. प्रिंटआधी कंट्रोल-एफने ती शोधायची. एक जरी सापडली तरी कागद मशीनला लावायचा नाही. चुकलंच तर अन्डू आहे, हे फाइलीपुरतं खरं. स्टॅम्प पेपरवर छापून अंगठा उठला की तिथे कंट्रोल-झेड चालत नाही. कारकून वाचेलच की, असंही कुणी म्हणेल. वाचेल आणि परत पाठवेल. हेलपाटा आणि बुडालेली मजुरी अर्जदाराची. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघाली की हंगाम संपेपर्यंत सही करायला सापडत नाहीत.

नमुना उघडला की आधी ‘सेव्ह ॲज’ करून अर्जदाराच्या नावाने ठेवायचा, नाहीतर दोन दिवसांत तोही भरलेला कागद होतो. आणि वेलांटी चुकली तर पोरं अख्खा शब्द पुसतात. वर्डमध्ये अक्षराच्या लगेच नंतर उभं राहून बॅकस्पेस एकदाच दाबला की नुसती वेलांटी जाते, अक्षराआधी उभं राहून डिलीट दाबलं की मात्र जोडाक्षर सगळंच उडतं, एवढं दाखवून दे.

तुझा मामा